अर्ध्या ओठांचं बोलणं

दोऱ्याला बांधलेलं मोठं बटण ओठांच्या आत, दातांच्या पुढे धरून ती खुर्चीत ताठ बसली होती. समोरच्या स्टुलावर बसलेल्या मास्तरांनी दोऱ्याचं दुसरं टोक दोन बोटांत धरून हळूच ओढलं. तिने ओठ आवळले, मान आवळली, खुर्चीच्या हातांवरची बोटंही आवळली. तरी बटण डाव्या कोपऱ्यातून सुळकन निसटलं आणि मास्तरांच्या मांडीवर जाऊन पडलं.

"फुन्हा," ती म्हणाली. 'प' म्हणायला दोन्ही ओठ पुरते मिटावे लागतात. तिचे अर्धेच मिटत होते.

"पुन्हा नाही." मास्तर बटण धुवायला उठले. "तुम्ही ओठाने धरतच नाही. मानेने धरताय, खांद्याने धरताय. उजव्या गालाने तर कुस्तीच मांडलीय. आणि ज्याला काम सांगितलं तो डावा ओठ मजेत बसून बघतोय."

"मग त्याला जोर लावायला सांगा ना."

"जोर नकोच आहे. तोच तर तुमचा रोग आहे, कोचबाई."

रोग तसा दुसराच होता. पोहण्याच्या तलावावर पोरांना शिकवण्यात जिचा जन्म गेला त्या या बाईला एका सकाळी चूळ भरताना कळलं, की पाणी आपल्या इच्छेविरुद्ध डाव्या कोपऱ्यातून गळतंय. आरशात पाहिलं तर अर्धा चेहरा नेहमीचा आणि अर्धा कुणीतरी इस्त्री केल्यासारखा सपाट. डावा डोळा मिटेना, डावी भुवई उठेना. चेहऱ्याची नस सुजली होती. डॉक्टरांच्या औषधाने सूज उतरली, पण चेहरा वर आला नाही. तेव्हा डॉक्टरांनीच तिला इकडे धाडलं. "नस जागी होतेय," ते म्हणाले, "पण तोंडाला काम कसं करायचं ते पुन्हा शिकवावं लागेल."

शिकवणारा हा माणूस दारावरच्या पाटीवर लांबलचक पदव्यांनी सजला होता, पण येणारेजाणारे सगळे त्याला जीभमास्तर म्हणत. अंगाने थोराड, बोलायला सावकाश. एरवी त्यांच्याकडे तोंड उघडं टाकून झोपणारी, गिळताना जिभेने दात पुढे ढकलणारी माणसं यायची. पहिल्या दिवशी त्यांनी कोचबाईला विचारलं होतं, "आत्ता, या क्षणी, तुमची जीभ कुठे आहे?" तिला सांगताच आलं नाही. एवढी वर्षं तोंडात बाळगलेली वस्तू कुठे ठेवलीय तेच माहीत नव्हतं.

"वरच्या दातांच्या मागे जो उंचवटा लागतो ना, तिथे टोक टेकवा. पाठ टाळूला. ओठ मिटलेले, श्वास नाकाने. हे जिभेचं घर. बोलून झालं, खाऊन झालं, की तिने घरी परत यायचं. जिभेला हाड नसतं म्हणतात, म्हणूनच तिला वळण लावावं लागतं."

आज त्यांनी बटण बाजूला ठेवलं, आरसा तिच्या हातात दिला आणि तिचाच उजवा तळहात तिच्या उजव्या गालावर टेकवला. "याला धरून ठेवा. हा फार आगाऊ आहे. आता डावा कोपरा वर आणायचा फक्त विचार करा. हलला नाही तरी चालेल. हलला, तर इतकासाच हलू दे." त्यांनी अंगठ्याच्या नखाची कड दाखवली.

कोचबाईने विचार केला. कोपरा ढिम्म. तिने तलावावरच्या आवाजात, म्हणजे तसा काढायचा प्रयत्न करत सांगितलं, "उन्हाळी वर्ग सुरू व्हायच्या आत मी हे तोंड सरळ करून दाखवते. लिहून ठेवा."

"मी लिहीत नाही, मोजतो," मास्तर म्हणाले.

खरी घाई उन्हाळी वर्गासाठी नव्हती. शिट्टी वाजत नव्हती ही अडचण होतीच. हवा डावीकडून निसटायची आणि शिट्टीऐवजी किटलीसारखी फुस्स निघायची. पण तिने टाळ्या वाजवून, हात हलवून तलावावरचं काम निभावलं होतं. तिची सगळी तळमळ घरी होती.

आईला ऐकू येत नव्हतं. कोचबाई शाळेत नुकती जायला लागली तेव्हा एका तापात आईचे दोन्ही कान गेले. तेव्हापासून आई लेकीच्या ओठांवरून बोलणं वाचायची. लेकही लहानपणापासून पूर्ण तोंडाने, एकेक अक्षर नीट घडवून बोलायला शिकली. पुढे तलावाच्या कल्लोळातही पलीकडच्या काठावरच्या पोराला तिचं म्हणणं कळायचं ते त्यामुळेच. इतरांचं बोलणं आईला निम्मंशिम्मं लागायचं. मुलाचं, म्हणजे दादाचं, तर त्याहून कमी. "त्याच्या मिशांत शब्द अडकतात," आई म्हणायची. लेकीचं मात्र ती पाठमोऱ्या गालावरूनही ओळखायची. काही अक्षरं ओठांवर अगदी सारखी दिसतात, 'ब' आणि 'म' तर जुळी भावंडं. त्यावरून मायलेकींचा एक जुना विनोद होता. लेक निघताना म्हणायची, "आई, बाहेर चालले." आई मुद्दाम उलटं वाचायची. "माहेरी? माहेर तर हेच. दुसरं कुठलं काढलंस?"

तोंड वाकडं झालं त्या दिवशी लेक आईसमोर बसून बोलली आणि आई नुसती बघत राहिली, परक्या माणसाकडे बघावं तशी. तिने दोनदा, तीनदा सांगायला लावलं. शेवटी लेकीने पाटी आणून लिहून दाखवलं. मग पाटी स्वयंपाकघरातच राहिली. पाटीवर कुणी गप्पा मारत नाही. 'डॉक्टरकडे जाते.' 'उशीर होईल.' 'गोळी घेतलीस?' एवढंच. हळूहळू आईने विचारणंही सोडलं. जेवताना ती ताटाकडे बघून जेवायची. आईला आपलं तोंड बघवत नाही, असं लेकीने मनाशी घेतलं आणि तीही मान खाली घालून जेवू लागली.

अशात दादाचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर दादा होता, पण मिशीशिवाय. वरचा ओठ उघडा, पांढरट, सोललेल्या बटाट्यासारखा.

"आईला इकडे पाठव," तो म्हणाला. "बघ, काढून टाकली. आता तिला माझं कळेल. तुझी वहिनी पण दिवसभर घरीच असते. तू तुझे उपचार घे निवांत."

आईला किती समजलं कुणास ठाऊक, पण तिने मान डोलावली. तिच्या सपाट, चढउतार नसलेल्या आवाजात ती म्हणाली, "जाते थोडे दिवस. तुलाही मोकळीक."

लेकीने फोन आपल्याकडे वळवला. "दादा, उन्हाळी वर्ग सुरू होईपर्यंत थांब. तोवर आईला माझं बोलणं कळलं नाही, तर मी स्वतः तिला तुझ्याकडे आणून सोडते. फण कळणार."

"काय म्हणालीस? शेवटचं?"

"कळणार!"

आणि ती कामाला लागली. तलावावर पोरं कपडे बदलायला गेली की ती भिंतीवरच्या आरशासमोर उभी राहायची, उजवा गाल तळहाताने दाबून डाव्या कोपऱ्याला हाक मारायची. घोटभर पाणी तोंडात घेऊन, ओठ मिटून, जीभ टाळूला लावून गिळायची. गालांनी ओढायचं नाही, हनुवटी आखडायची नाही. सुरुवातीला हे साधं गिळणं तिला एखाद्या नवशिक्याला पहिल्यांदा पाण्यात डोकं घालताना वाटावं इतकं अवघड वाटलं. गाल फुगवून हवा उजवीकडून डावीकडे न्यायची. डावीकडे आली की हवा पळून जायची. बोलताना, चालताना, पोरांवर ओरडतानाही मधेच आठवण व्हायची, जीभ घरी आहे का? बहुतेक वेळा ती उंडारत असायची.

"कोचबाई, तुम्ही कुणाला वेडावताय?" एका चिमुरडीने आरशामागून विचारलं.

"माझ्या गालाला," ती म्हणाली. "तो पोहायला घाबरतो."

आणि मग एका दुपारी, जेवताना, ती पाटी न उचलता सहज म्हणून गेली, "मीठ कमी आहे." आईने न बोलता मिठाची बरणी पुढे सरकवली.

लेकीचा हात तसाच राहिला. तिने मुद्दाम दुसरं काहीतरी विचारलं. आईने थांबून, डोळे बारीक करून, पण बरोबर उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी आणखी चार वाक्यं झाली. आई आता ताटाकडे नाही, थेट तिच्या तोंडाकडे बघत होती, अगदी टक लावून. आठवड्याभरात पाटीवर धूळ बसली. आणि एके सकाळी चपला घालताना लेक म्हणाली, "आई, बाहेर चालले," तेव्हा आई दारात येऊन म्हणाली, "माहेरी? मग हे काय आहे?"

लेक हसली. वाकडंच हसली, पण पोटभर हसली. रस्त्यातूनच तिने दादाला फोन लावला. "आई कुठेही जात नाही. मिशी वाढवलीस तरी चालेल."

त्या दिवशी ती मास्तरांकडे गेली ती पोहण्याची शर्यत जिंकून आल्यासारखी. "मोजा," खुर्चीत बसत ती म्हणाली.

मास्तरांनी छोटी पट्टी काढली, नाकाच्या मध्यापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर आधी शांत चेहऱ्यावर आणि मग हसायला सांगून मोजलं. पहिल्या दिवशीचा फोटो समोर धरला. पुन्हा मोजलं. कानामागे पेन्सिल खोचत म्हणाले, "आलाय. पण एवढासाच. तुम्हाला आरशात दिसणारही नाही इतका. ओठ अजून डावीकडे मिटत नाहीत."

"तुमची पट्टी चुकतेय."

"पट्टी लाकडाची आहे, तिला काय पडलंय?"

"अहो, पण आईला सगळं कळतं! पूर्वीसारखं. आम्ही पाटी माळ्यावर टाकली."

मास्तरांनी पट्टी खाली ठेवली. "चांगलं आहे की," ते एवढंच म्हणाले. "आपण आपलं काम चालू ठेवू."

तिला त्यांचा राग आला. माणूस हुशार आहे, पण शिष्य पुढे गेलेला बघवत नाही, असं मनात म्हणत ती तलावावर गेली. तिथे दारावर चिठ्ठी होती, पाणी शुद्ध करायचं यंत्र बिघडल्यामुळे आज तलाव बंद. मग ती घरीच परतली.

घरात शिरताना ती नेहमी दिव्याचं बटण खालीवर करायची. आईला पावलं ऐकू येत नाहीत. उजेडाची उघडझाप झाली की कुणीतरी आलंय हे तिला कळायचं, ती दचकायची नाही. लेकीने सवयीने बटणाकडे हात नेला. तेवढ्यात तिला आतल्या खोलीच्या उघड्या दारातून आई दिसली, आणि हात बटणावरच थांबला.

आई कपाटाच्या आरशासमोर स्टूल घेऊन बसली होती. तिच्या डाव्या गालावर चिकटपट्टी होती. लेकीचा न मिटणारा डोळा झोपताना बंद ठेवायला आणलेली तीच. पट्टीचं एक टोक ओठाच्या कोपऱ्याशी चिकटवून दुसरं तिने खाली हनुवटीकडे ओढून लावलं होतं, त्यामुळे तिचं तोंड डावीकडे ओघळलं होतं, थेट लेकीसारखं. त्या ओघळलेल्या तोंडाने आई आवाज न काढता काहीतरी म्हणत होती आणि आरशात स्वतःच्या ओठांकडे एकाग्रतेने बघत होती. एकदा म्हणायची. थांबायची. पुन्हा तेच म्हणायची. आपण काय बोलतोय हे तिला ठाऊक होतं. ते बोलणं अर्ध्या ओठांवर कसं दिसतं, तेवढं ती पाठ करत होती.

लेकही लहानपणापासून आईला बघत आली होती. दारात उभी राहून तिने आईचे ओठ वाचायचा प्रयत्न केला. वेळ लागला. पण मग कळलं.

आई, मी आले. चहा ठेव.

आई, मी आले. चहा ठेव.

लेक आली तशी पाऊल न वाजवता मागे सरली. ऐकणारं कुणी नाही हे माहीत असूनही. बाहेर येऊन तिने दार ओढून घेतलं आणि जिन्यातल्या कठड्याला धरून उभी राहिली. तिचा डावा डोळा तसाही सतत पाझरायचा. आज उजवाही त्याच्या जोडीला आला. शेजारीण वर येताना दिसली तशी तिने तोंड फिरवून चावी शोधल्यासारखं केलं. मग पुरेसा वेळ गेल्यावर दार मोठ्याने उघडलं, दिव्याचं बटण दोनदा खालीवर केलं.

आई बाहेर आली. गालावर पट्टीचा लांबट लाल वळ होता.

"आज लवकर?" आई म्हणाली.

"तलाव बंद आहे." लेकीने जीभ घरी ठेवली, श्वास घेतला आणि होत्या तेवढ्या ओठांनी, घाई न करता म्हणाली, "आई, मी आले. चहा ठेव."

"ठेवते," आई लगेच म्हणाली. फार लगेच. आणि स्वतःवरच खूश होऊन आत गेली.

लेकीने त्याबद्दल आईला कधी विचारलं नाही. फक्त त्या दिवसापासून ती आईशी जास्त बोलू लागली. तलावावरच्या कागाळ्या, कुणाचा पाय घसरला, कोण कुणाच्या प्रेमात आहे, सगळं. बोलताना ती उजव्या गालाला मुद्दाम आवरायची, म्हणजे तो आगाऊपणा करून शब्द आणखी वाकडे करणार नाही. मास्तरांना मात्र तिने सांगितलं. सांगताना खुर्चीच्या हाताकडे बघत होती.

मास्तरांनी बटणाचा दोरा बोटाला गुंडाळला. "मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "म्हणजे, पट्टीच्या हिशेबाने गाडी अजून नाक्यावरच आहे आणि तुम्ही तर घरी पोचलात. काहीतरी दुसरं वाहन असणार." मग म्हणाले, "पुढच्या वेळी त्यांना घेऊन या. आरसा तुम्हाला खरं सांगत नाही, तुम्ही त्याला दमात घेता. त्या नाही ऐकायच्या."

आई यायला लागली. ती लेकीसमोर बसायची आणि मास्तर सांगतील ते शब्द लेक म्हणायची. "आत्ता मिटला," आई सांगायची. "आत्ता नाही. आत्ता मिटला, पण उशिरा." लेकीची दांडगाई त्या डोळ्यांपुढे चालत नसे. ती जोर लावायला गेली की आई नुसती नाक मुरडायची. चेहरा खरोखरच परत येऊ लागला, पण आपल्या चालीने. आधी भुवई, मग डोळा, आणि सगळ्यात शेवटी तो हट्टी कोपरा. उन्हाळी वर्ग सुरू झाले तेव्हा 'प' अजून अर्धाच होता आणि आपण घातलेली ती मुदत लेकीच्या लक्षातही राहिली नाही. वर्ग संपत आले तेव्हा एका सकाळी पलीकडच्या काठावर मस्ती करणारी पोरं एकदम जागच्या जागी थबकली, कारण शिट्टी वाजली होती. दादाने मिशी परत वाढवली नाही. आता आईशी त्याच्या आठवड्यातून दोनदा गप्पा व्हायच्या, आणि वहिनी म्हणायची की तो मिशीत बरा दिसायचा.

मास्तरांकडे शेवटची शेवटची फेरी होती. मायलेकी बाहेरच्या खोलीत आपल्या पाळीची वाट बघत होत्या. समोरच्या बाकावर एक वयस्कर जोडपं होतं. गृहस्थांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. अर्धा चेहरा खाली आलेला, मांडीवर निपचित पडलेला एक हात. ते काहीतरी बोलत होते, पण बाहेर येत होता तो नुसता ओला, चिकट आवाज. बायको त्यांच्या तोंडाला कान लावून बसली होती.

"काय? थंडी वाजतेय? शाल देऊ?"

त्यांनी मान हलवली. पुन्हा तोच आवाज.

"मग काय? पाणी? अहो, नीट सांगा ना. घरी जायचंय का?"

त्यांनी डोळे मिटून घेतले. बाईंनी शाल त्यांच्या खांद्यावर घातली, नीटनेटकी केली आणि हताशपणे आजूबाजूला पाहिलं. तेवढ्यात गृहस्थांचे ओठ पुन्हा हलले.

"पडदा," आई म्हणाली. तिचा आवाज त्या लहानशा खोलीत जरा जास्तच मोठा निघाला. "पडदा ओढा म्हणतायत. ऊन येतंय त्यांच्या डोळ्यावर."

खिडकीतून उन्हाची तिरीप खरंच त्यांच्या तोंडावर येत होती. बाईंनी घाईने उठून पडदा ओढला. गृहस्थांनी डोळे उघडले. आईकडे बघितलं आणि खूप दिवसांनी कुणीतरी दार उघडावं तसे ते बोलायला लागले. लांबलचक, अडखळत, थांबत. आई पुढे वाकून, डोळे बारीक करून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मधेच तिने मान डोलावली. मधेच हसली.

"काय म्हणाले?" बाईंनी आईचा हात धरला. "मला सांगा ना. मला महिनोन्‌महिने कळत नाही ते काय म्हणतात. तुम्हाला कसं कळलं?"

"मला ऐकू येत नाही."

बाई गोंधळून लेकीकडे बघू लागल्या. आतलं दार उघडून मास्तर बाहेर आले होते. "या, कोचबाई," म्हणण्यासाठी त्यांनी हात उचलला, तर लेकीने त्यांना बोटानेच थांबवलं.

"ते मी सांगायचं नाही. तुमच्यासाठी आहे," आई म्हणाली आणि बाईंच्या खांद्याला धरून त्यांना हलकेच नवऱ्याकडे वळवलं. "आवाजाला कान देऊ नका, त्यानेच घोळ होतो. इथे बघा. या बाजूला नाही, या. थोडा वेळ लागतो."

बाईंनी कान बाजूला घेतला. पदराने डोळे कोरडे केले, बाकावरच वळून नवऱ्याच्या समोरासमोर बसल्या.

"बोला," त्या म्हणाल्या.